लॅपटॉपची मल्टिमीडिया बटणं लिनक्सवर: दाबलेलं बटण नेमकं कुठे हरवतं?

अबोली

नमस्कार मंडळी. वर्गात वापरायला एक जुना लॅपटॉप मिळाला आहे. विंडोज काढून त्यावर डेबियन १२ हे लिनक्स टाकलं, डेस्कटॉप एक्सएफसीई. वायफाय, प्रोजेक्टर, इन्स्क्रिप्टने मराठी टायपिंग, सगळं सुरळीत आहे. अडलंय ते फक्त वरच्या ओळीतल्या खास बटणांपाशी.

आवाज कमी-जास्त आणि म्यूट: दाबलं तर काहीच होत नाही.
प्रकाश कमी-जास्त: पडद्यावर पट्टी दिसते, ती सरकतेही, पण उजेड होता तेवढाच राहतो.
प्ले-पॉज: काहीच नाही.
माइक बंद करायचं बटण: काहीच नाही.

विंडोजवर ही सगळी बटणं चालत होती, म्हणजे बटणं खराब नाहीत. मुलांना कविता ऐकवताना मध्येच थांबवून प्रश्न विचारायचा असतो. माउसने प्लेयरची खिडकी शोधून पॉज करेपर्यंत वर्गाचं लक्ष गेलेलं असतं, म्हणून हे नीट व्हायला हवं आहे. टर्मिनलची भीती नाही, पण कुठून सुरुवात करायची ते कळत नाही.

पाऊलवाट

ताई, मी पूर्वी एक्समॉडमॅपची (बटणांचे अर्थ बदलणाऱ्या कमांडची) फाइल बनवून अशी बटणं चालू केली होती. ती इथे देऊ का? लॉगिन करताना आपोआप चालेल अशी लावता येते.

काळीखिडकी

पाऊलवाट, ती फाइल आत्ता नको. एक्समॉडमॅपचे बदल कीबोर्डचा लेआउट पुन्हा लावला की पुसले जातात. अबोलीताई इंग्रजी-मराठी अदलाबदल करत असणार. ती अदलाबदल सेटएक्सकेबीमॅप या लेआउट लावणाऱ्या कमांडने होत असेल तर प्रत्येक वेळी फाइल पुन्हा चालवावी लागेल. शिवाय जे बटण एक्सपर्यंत, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्रामपर्यंत, पोचतच नाही, त्याला एक्समॉडमॅप काहीही करू शकत नाही.

अबोलीताई, माझी एकच आग्रहाची विनंती: कोणतीही सेटिंग बदलण्याआधी प्रत्येक बटण कुठपर्यंत पोचतं ते बघा. तुमच्या वर्णनावरून मला तरी हे चार बटणांचे चार वेगळे आजार वाटतात. एकाच औषधाने सगळे बरे होणार नाहीत.

वाट अशी असते. बटण दाबलं की कीबोर्डची चिप एक क्रमांक पाठवते, तो स्कॅनकोड. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याचा कीकोड करतो: म्यूट ११३, आवाज कमी ११४, आवाज जास्त ११५, प्ले-पॉज १६४, प्रकाश कमी-जास्त २२४ आणि २२५. एक्स त्या आकड्यात ८ मिळवतो आणि त्याला नाव देतो, उदाहरणार्थ एक्सएफ८६ऑडिओम्यूट. शेवटी डेस्कटॉपवरचा एखादा प्रोग्राम ते नाव ऐकून काम करतो. तो प्रोग्रामच नसेल, तर तिथपर्यंतचं सगळं ठीक असूनही काही होत नाही.

आता तपासणी. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमन अक्षरांतच टंका.

सुडो डीमेसेज -डब्ल्यू (कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) चालू ठेवून एकेक बटण दाबा. कर्नलला बटण अनोळखी असेल तर तिथे 'अननोन की प्रेस्ड' अशी ओळ येते आणि तिच्यात स्कॅनकोड असतो.

मग एव्टेस्ट बसवून सुडोने चालवा. तो आधी सगळ्या इनपुट उपकरणांची यादी दाखवतो. तिथे फक्त 'एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड' बघून थांबू नका. 'व्हिडिओ बस' किंवा कंपनीच्या नावाचं 'डब्ल्यूएमआय हॉटकीज' असं काही दिसलं तर तेही निवडून बघा. लॅपटॉपमधली बरीचशी खास बटणं मुख्य कीबोर्डमधून न येता एसीपीआय किंवा डब्ल्यूएमआय या बायोसकडच्या दारांनी येतात. लोक चुकीच्या दारावर पहारा देतात आणि बटण मेलं असं ठरवतात.

शेवटी एक्सईव्ही, म्हणजे एक्सपर्यंत काय पोचतं ते दाखवणारा प्रोग्राम. त्याच्या छोट्या खिडकीवर माउस ठेवून बटणं दाबा. 'कीप्रेस' आलं आणि नाव दिसलं, तर बटण एक्सपर्यंत पोचलं आणि त्यावर कोणत्याही प्रोग्रामचा हक्क नाही. एखाद्या प्रोग्रामने बटण आधीच पकडून ठेवलं असेल तर बहुधा कीप्रेसऐवजी फोकस गेल्या-आल्याच्या ओळी दिसतात.

रानपाखरू

एक छोटी भर. एफएन बटण स्वतः बहुतेक लॅपटॉपमध्ये काहीच पाठवत नाही, ते कीबोर्डच्या चिपमध्येच पचतं. त्यामुळे एव्टेस्टमध्ये एफएन दिसलं नाही म्हणून काळजी करू नका. आणि वरची ओळ आधी एफ१ ते एफ१२ द्यायची की खास बटणं, हे बऱ्याच मशीनवर बायोसमध्ये किंवा एफएन आणि एस्केप एकत्र दाबून ठरतं. अ‍ॅपलच्या कीबोर्डवर तेच काम एचआयडी_अ‍ॅपल मॉड्यूलच्या एफएनमोड या पर्यायाने होतं: १ दिलं तर आधी मीडिया, २ दिलं तर आधी एफ-बटणं.

अबोली

काळीखिडकी, सांगितलंत तसं सगळं बघितलं.

आवाजाची तिन्ही बटणं: एव्टेस्टमध्ये ११३, ११४, ११५ बरोबर येतात. एक्सईव्हीमध्येही कीप्रेस येतं, नावंही बरोबर.

प्रकाश: 'व्हिडिओ बस' या उपकरणावर २२४ आणि २२५ येतात. एक्सईव्हीमध्ये मात्र कीप्रेस नाही, तुम्ही म्हणालात तशा फोकसच्या ओळी आहेत.

प्ले-पॉज: एव्टेस्टमध्ये कुठल्याच उपकरणावर बटणाचा कीकोड येत नाही. डीमेसेजमध्ये मात्र 'अननोन की प्रेस्ड, ट्रान्सलेटेड सेट २, कोड ०एक्सईई' असं येतं आणि खाली सेटकीकोड्स वापरा असा सल्ला.

माइक: 'डब्ल्यूएमआय हॉटकीज' वर येतं. व्हॅल्यू १५०, कोड २४८, की_माइकम्यूट. एक्सईव्हीमध्ये पूर्ण शांतता.

काळीखिडकी

छान तपासलंत. चारही बटणं खरोखरच चार वेगळ्या ठिकाणी अडकली आहेत.

आवाजाचं सगळ्यात सोपं. बटण एक्सपर्यंत पोचतंय, पण ऐकणारं कोणी नाही. एक्सएफसीईमध्ये हे काम पॅनेलवरचं पल्सऑडिओ प्लगइन करतं. पॅनेलवर उजवी क्लिक करून ते जोडा, त्याच्या गुणधर्मांत आवाजाच्या बटणांचा पर्याय चालू करा. तिथेच मल्टिमीडिया बटणांनी प्लेयर चालवायचा पर्याय आहे, तोही आत्ताच चालू करून ठेवा, प्ले-पॉजला लागेल.

प्रकाशाचं बटण तर शेवटपर्यंत पोचलंय. पॉवर मॅनेजर ते ऐकतोय, पट्टीही दाखवतोय. गोंधळ त्याच्या पुढे आहे. तो ज्या फाइलमध्ये आकडा लिहितो, त्या फाइलचा तुमच्या पडद्याच्या दिव्याशी संबंध नाही. एलएस करून /सिस/क्लास/बॅकलाइट/ मध्ये काय आहे ते सांगा.

अबोली

तिथे फक्त एसीपीआय_व्हिडिओ० आहे.

आवाज चालू झाला! म्यूटसुद्धा. मनापासून आभार.

काळीखिडकी

अंदाज होताच. एसीपीआय_व्हिडिओ० म्हणजे प्रकाश बायोसमार्फत बदलायची जुनी पद्धत. तुमच्या मशीनचं बायोस आकडा स्वीकारतं आणि पुढे काही करत नाही. ग्राफिक्स इंटेलचे असतील तर कर्नलला थेट ग्राफिक्स ड्रायव्हरकडूनच प्रकाश बदलायला सांगायचं.

/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल उघडा (ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम). ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत, आधीचा मजकूर तसाच ठेवून, एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह एवढं जोडा. मग सुडो अपडेट-ग्रब आणि रीस्टार्ट. त्या फोल्डरमध्ये आता इंटेल_बॅकलाइट दिसायला हवं. नेटिव्हने जमलं नाही तर व्हेंडर हा दुसरा पर्याय आहे. कायमचा बदल करायच्या आधी चाचणी हवी असेल तर ग्रबच्या यादीवर ई दाबून तो शब्द त्या एका बूटपुरता देता येतो. मी प्रत्येकाला आधी तीच चाचणी करायला सांगतो. काही बिनसलं तर नुसतं रीस्टार्ट केलं की पूर्ववत.

दर्यावर्दी

माझा लॅपटॉप फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या सिस्टिमवर आहे, म्हणून थोडं त्या बाजूचं. २०२१ च्या १३.० पासून तिथे बॅकलाइट नावाची कमांडच आली आहे, आकडा दिला की प्रकाश बदलतो. थिंकपॅडसाठी एसीपीआय_आयबीएम मॉड्यूल लोड करायचं, मग खास बटणांच्या घटना डेव्हडीकडे, म्हणजे उपकरणांच्या घटना ऐकणाऱ्या प्रोग्रामकडे, जातात आणि कोणत्या घटनेला कोणती कमांड ते त्याच्या नियमांच्या फाइलमध्ये लिहायचं. वाट वेगळी असली तरी काळीखिडकी म्हणतात ती शिस्त तिथेही तशीच लागू पडते. बटण डेव्हडीपर्यंत आलं का, हे आधी बघायचं.

अबोली

इंटेल_बॅकलाइट आलं आणि प्रकाश बदलायला लागला. आधी ग्रबवर ई दाबून एका बूटपुरतं पाहिलं, मग फाइलमध्ये लिहिलं. आता प्ले-पॉज आणि माइक उरले.

डीमेसेज स्वतःच सेटकीकोड्स सुचवतंय, तर तेच वापरू का?

काळीखिडकी

सेटकीकोड्स चाचणीपुरतं चांगलं. सुडो सेटकीकोड्स ई०६ई १६४ असं दिलंत की बटण लगेच ओळखलं जाईल. पण रीस्टार्ट केलं की कर्नल पुन्हा विसरणार. कायमचा उपाय म्हणजे युडेव्ह या उपकरणं सांभाळणाऱ्या प्रोग्रामची हार्डवेअर यादी, एचडब्ल्यूडीबी. तिथे लिहिलेलं बूट होतानाच कर्नलला कळतं. मग एक्स असो, त्याच्या जागी आलेलं वेलँड असो, नुसतं काळं कन्सोल असो, उद्या एक्सएफसीई सोडून केडीईवर गेलात तरी बटण चालत राहतं. बटण जिथे अडकलंय तिथेच सोडवावं असं मी म्हणतो त्याचं कारण हे आहे.

/ईटीसी/युडेव्ह/एचडब्ल्यूडीबी.डी/ मध्ये ९०-कस्टम.एचडब्ल्यूडीबी नावाची फाइल करा. पहिल्या ओळीत मशीनची ओळख, खाली बटण. ओळख लिहिण्यासाठी कॅट वापरून /सिस/क्लास/डीएमआय/आयडी/मोडअलायस मध्ये काय आहे ते बघा. एसव्हीएन नंतर कंपनीचं नाव आणि पीएन नंतर मॉडेल असतं. त्या ओळीत सिरियल क्रमांक नसतो, त्यामुळे ती इथे चिकटवायलाही हरकत नाही.

पहिली ओळ साधारण अशी होईल:

एव्हडेव्ह:एटीकेबीडी:डीएमआय:बीव्हीएन*:बीव्हीआर*:बीडी*:एसव्हीएन<कंपनी>:पीएन<मॉडेल>:*

आणि तिच्याखाली:

 कीबोर्ड_की_ईई=प्लेपॉज

दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक रिकामी जागा सोडायचीच, पहिलीच्या सुरुवातीला अजिबात नाही. कीबोर्ड_की_ हा भाग रोमन मोठ्या लिपीत, त्यापुढचा स्कॅनकोड आणि बटणाचं नाव लहान लिपीत. एवढ्याशा गोष्टींवरून फाइल गप्प बसते आणि कुठे चुकलं ते सांगतही नाही, म्हणून इतकं लिहितोय.

मग सुडो सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट आणि सुडो युडेव्हअ‍ॅडम ट्रिगर. लागू झालं की नाही ते युडेव्हअ‍ॅडम इन्फो मध्ये दिसतं: कीबोर्डच्या इव्हेंट फाइलचा मार्ग द्या, तुमची ओळ त्यात यायला हवी.

पाऊलवाट

हे मला माहीतच नव्हतं. वाखू (वाचनखूण) साठवली आहे.

एक शंका. या सगळ्या नावांच्या पुढे एक्सएफ८६ का असतं? प्रोसेसरशी संबंध आहे का?

दर्यावर्दी

ते एक्सफ्री८६ या प्रकल्पाचं नाव. एके काळी लिनक्सवर चित्र दाखवायचं काम सगळीकडे तोच करायचा. २००४ साली परवान्यावरून मतभेद झाले, बहुतेक वितरणं एक्स.ऑर्गकडे गेली. पण बटणांना दिलेली नावं प्रोग्रामांमध्ये इतकी रुजली होती की ती बदलली नाहीत. आज वेलँडवरसुद्धा आवाजाचं बटण एक्सएफ८६ऑडिओरेझव्हॉल्यूम म्हणूनच ओळखलं जातं.

अबोली

प्ले-पॉज ओळखलं गेलं, पण विचित्र झालं. एकदा दाबलं की गाणं थांबतं, चालू होतं, पुन्हा थांबतं, असं आपोआप चालूच राहतं. दुसरं बटण दाबलं की मगच थांबतं.

काळीखिडकी

हेही ओळखीचं आहे. तुमचं बटण दाबल्याचा निरोप देतं, सोडल्याचा देत नाही. काही लॅपटॉपच्या चिपमध्ये खास बटणं अशीच असतात. कर्नलला वाटतं बोट अजून बटणावरच आहे, आणि वर बसलेला एक्स ते बटण पुन्हा पुन्हा दाबल्यासारखं करतो. एचडब्ल्यूडीबीमध्ये यावर उपाय आहे: नावाच्या आधी उद्गारचिन्ह.

 कीबोर्ड_की_ईई=!प्लेपॉज

मग दाबल्याबरोबर कर्नल स्वतःच सोडल्याचा निरोप तयार करतो. पुन्हा अपडेट आणि ट्रिगर. तरी जुनंच वागणं दिसलं तर एकदा रीस्टार्ट करा.

अबोली

बरोबर चाललं! फायरफॉक्समध्ये कविता लावून ठेवली होती, तीही बटणाने थांबते.

रानपाखरू

फायरफॉक्स आणि क्रोमियम दोन्ही एमपीआरआयएस, म्हणजे प्लेयर बाहेरून चालवायची ठरलेली भाषा, बोलतात, म्हणून. व्हीएलसीसुद्धा. ज्यांना पॅनेलवरचं प्लगइन नको असेल त्यांनी प्लेयरसीटीएल बसवून बटणाला 'प्लेयरसीटीएल प्ले-पॉज' ही कमांड लावावी, त्याच वाटेने काम होतं.

मी स्वे या वेलँडवरच्या खिडकी-व्यवस्थापकावर आहे, तिथे सगळं स्वतःच लिहावं लागतं. आवाजाला डब्ल्यूपीसीटीएल ही कमांड वापरतो आणि त्याला -एल १.० अशी मर्यादा देतो, म्हणजे आवाज १०० टक्क्यांच्या वर जात नाही. पॅकसीटीएल ही दुसरी कमांड वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, ते १०० च्या पुढेही चढत जातं आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. बाइंडसिम या स्वेच्या शॉर्टकट लावायच्या आज्ञेला --लॉक्ड जोडलं तर पडदा कुलूपबंद असतानाही आवाजाची बटणं चालतात.

आणि मराठी लिहिणाऱ्यांसाठी खास. मीडियाची बटणं लेआउट बदलला तरी चालतात, कारण त्यांची नावं लेआउटवर अवलंबून नसतात. पण मॉड (शॉर्टकटसाठी ठरवलेलं बटण) आणि पी असा अक्षराचा शॉर्टकट लावला असेल तर इन्स्क्रिप्ट चालू असताना तो बंद पडतो. पीच्या जागी तेव्हा ज असतो, आणि स्वे पी शोधत बसतो. बाइंडसिम --टू-कोड असं लिहिलं की स्वे अक्षराऐवजी बटणाची जागा लक्षात ठेवतो. मग लेआउट कोणताही असो. आय३ या एक्सवरच्या तशाच व्यवस्थापकावर बाइंडकोड वापरून हेच साधतं. मराठी सुरू केलं की शॉर्टकट मरतात असं म्हणून लोक मराठी लेआउटच काढून टाकतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. एका शब्दाचं काम आहे.

काळीखिडकी

रानपाखरू, हे वेगळ्या धाग्यातही लिहा, फार जणांना लागेल.

अबोलीताई, आता माइक. यात बिघाड कशातच नाही, आकडा बसत नाही एवढंच. माइकम्यूटचा कर्नलमधला क्रमांक २४८. एक्स त्यात ८ मिळवतो, झाले २५६. पण एक्सच्या जुन्या रचनेत कीकोडची कमाल मर्यादा २५५ आहे. म्हणजे कर्नलमधलं २४७ पर्यंतचंच बटण एक्सला दिसू शकतं, आणि माइकम्यूट नेमकं त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. म्हणून एव्टेस्टला दिसतं आणि एक्सईव्हीला नाही. वेलँडवर ही अडचण येत नाही.

तोडगा बऱ्याच वर्षांपासून ठरलेला आहे: या बटणाला एफ२० म्हणायचं. एफ२० चा क्रमांक १९०, एक्समध्ये १९८. त्या जागेला एक्सएफ८६ऑडिओमाइकम्यूट हेच नाव देऊन ठेवलेलं आहे. टचपॅड चालू-बंद करायच्या बटणाला याच कारणासाठी एफ२१ देतात.

त्याच फाइलमध्ये, आधी एक ओळ मोकळी सोडून, हे लिहा:

एव्हडेव्ह:नेम:<एव्टेस्टमध्ये दिसलेलं उपकरणाचं नाव>:डीएमआय:बीव्हीएन*:बीव्हीआर*:बीडी*:एसव्हीएन<कंपनी>:पीएन<मॉडेल>:*
 कीबोर्ड_की_१५०=एफ२०

उपकरण वेगळं असल्याने ओळखीची ओळही वेगळी, वरच्या एटीकेबीडीखाली हे टाकून चालणार नाही. हा १५० एव्टेस्टने दाखवलेला तसाच घ्यायचा, तो सोळाच्या पायातला आहे, रूपांतर करू नका.

मग एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये शॉर्टकटच्या पानावर नवा शॉर्टकट जोडा. कमांड: पॅकसीटीएल सेट-सोर्स-म्यूट @डिफॉल्ट_सोर्स@ टॉगल. बटण विचारेल तेव्हा माइकचं बटण दाबा. शॉर्टकटच्या यादीत एक्सएफ८६ऑडिओमाइकम्यूट असं नाव आलं की झालं.

अबोली

आलं! नाव आलं आणि माइकही बंद-चालू होतो. चारही बटणं झाली.

आमच्याकडे याच मॉडेलचे आणखी लॅपटॉप येणार आहेत. ही फाइल तशीच त्यांच्यावर ठेवली तर चालेल ना?

काळीखिडकी

नक्की चालेल, ओळखीच्या ओळीत मॉडेलचं नाव आहे तोवर. कंपनी आणि मॉडेलच्या जागी नुसती चांदणी मात्र टाकू नका. मग दुसऱ्या एखाद्या लॅपटॉपवर ०एक्सईई हे भलतंच बटण असलं तरी ते प्ले-पॉज होऊन बसेल. प्रकाशाचा बदल या फाइलमध्ये नाही, तो प्रत्येक मशीनच्या ग्रबमध्ये वेगळा करावा लागेल.

आणि ताई, हे दोन्ही नियम सिस्टमडी या प्रकल्पाच्या गिटहबवर पाठवाच. ६०-कीबोर्ड.एचडब्ल्यूडीबी नावाची त्यांची एक मोठी फाइल आहे. तिच्यातली कितीतरी मॉडेलं तुमच्यासारख्याच कोणीतरी स्वतःच्या मशीनवर बटणं दाबून, कोड टिपून पाठवलेली आहेत. तुम्ही तपासणी पूर्ण केली आहे, आता फक्त योग्य कंपनीच्या खाली दोन नोंदी घालायच्या. उद्या कुणीही हे मॉडेल घेऊन लिनक्स टाकलं तर त्याची बटणं पहिल्या दिवसापासून चालतील. इंग्रजी मजकूर लिहायला मदत हवी असेल तर मी करतो.

अबोली

हो, पाठवते. मजकूर लिहून तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, एकदा नजर टाका.

पाऊलवाट

ती नोंद स्वीकारली गेली की ईटीसीमधली स्वतःची फाइल काढून टाकायची का?

काळीखिडकी

लगेच नाही. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नवी यादी आपोआप येत नाही, साधारण पुढच्या मोठ्या आवृत्तीबरोबर येते. तोवर राहू द्या. नंतरही राहिली तरी त्रास नाही, दोन्हीकडे तेच लिहिलेलं असेल. काढायचीच असेल तर फाइल पुसून सिस्टमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट चालवा आणि रीस्टार्टनंतर चारही बटणं पुन्हा दाबून बघा.